नववी खाच

पाचपोर गुरुजी दोन पाटांवर उभे राहिले तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण गुरुजी माणूस. जन्मभर पाटावर बसला, एक दिवस उभा राहिला, त्यात काय, असं म्हणून मी फुंकायची नळी पुढे केली.

आमचं संशोधन ऐकायला सोपं आहे. होमाचा धूर वर्षभर नाकातोंडात गेला की पुरोहिताच्या फुप्फुसात काय बदल होतो, ते मोजायचं. अमरावती आणि अकोल्याच्या साठेक पुरोहितांनी मागच्या माघात मशीनमध्ये फुंकलं, या माघात पुन्हा फुंकायचं आणि दोन आकड्यांची वजाबाकी करायची. वजाबाकी तिसरीतल्या पोराला येते. तरी तिच्यासाठी एक मशीन आहे, एक स्टँड आहे, अकोल्याच्या छातीच्या डॉक्टर गीतांजली मॅडम आहेत आणि मी आहे, शुभंकर, बी.एस्सी. महत्त्वाच्या क्रमानं सांगितलं. मॅडमना हा क्रम दाखवू नका.

मॅडमचा एकच नियम. "शुभंकर, बदल मोजायचा असेल तर बाकी काहीही बदलता कामा नये." म्हणून तेच मशीन, तीच खोली, तीच वेळ; मागच्या वर्षी चहाच्या आधी फुंकलं असेल तर यंदाही चहाच्या आधी. स्टँडच्या दांड्याला बारा खाचा आहेत. माणसाच्या तोंडाशी नळी येईल त्या खाचेत ती अडकवायची आणि दुसऱ्या वर्षी त्याच खाचेत ठेवायची, म्हणजे मान वाकत नाही आणि आकडाही वाकत नाही.

गुरुजींची खाच नववी. अमरावतीच्या अंबापेठेतल्या त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत, मी नळी नवव्या खाचेत अडकवली आणि ती थेट गुरुजींच्या कपाळावरच्या गंधाला जाऊन टेकली.

"गुरुजी, जरा मान वर करा."

"मान वर करून काय, शंख फुंकू?"

आतून त्यांच्या पत्नी, कौशल्याकाकू, पाट घेऊन आल्या. मी मागितला नव्हता. एक पुरला नाही म्हणून दुसरा आणला, एकावर एक ठेवले. गुरुजी वर चढले, टाचा किंचित उचलल्या आणि नळी तोंडाशी आली.

"वर्षभरात आखडले का हो तुम्ही?" मी गमतीनं विचारलं.

"वय झालं की होतं," गुरुजी भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाले. काकू लगबगीनं आत गेल्या.

मोठ्या माणसाची उंची आम्ही पहिल्याच वर्षी घेतो. ती बदलत नाही असं आम्ही धरून चालतो. तेव्हा मीही धरून चाललो.

गुरुजींनी तीनदा फुंकलं. तिन्हींतला चांगला आकडा घ्यायचा असतो. चांगला आकडा होता १.४ लिटर. मागच्या वर्षी ३.४ होता. दोन लिटर म्हणजे दुधाच्या चार पिशव्या. हा माणूस वर्षभरात छातीतून दुधाच्या चार पिशव्या हरवून बसला होता आणि मला विचारत होता, "आता चहा चालेल ना?"

मी आधी मशीनवर संशय घेतला. त्यासाठी आमच्याकडे तीन लिटर हवेचा एक जाडजूड पिचकारीसारखा पंप असतो. त्यानं बरोबर तीन लिटर हवा मशीनमध्ये ढकलायची आणि मशीन काय म्हणतं ते पाहायचं. मशीन म्हणालं, तीन. पुन्हा ढकलली. तीन. मशीन माझ्यापेक्षा शांत होतं. मी चहा तसाच ठेवून मॅडमना फोन लावला.

पुढचं सगळं भराभर झालं. गुरुजींना अकोल्याला नेलं, छातीचा स्कॅन काढला. दोन्ही फुप्फुसांत खालच्या बाजूला व्रण दिसले. मॅडमनी मला संगणकाच्या पडद्यासमोर बसवलं, कारण मला समजावून सांगितलं की त्यांना स्वतःलाही नीट कळतं.

"हे व्रण किती जुने आहेत, ते या चित्रावरून नक्की सांगता येत नाही. हळूहळू पंधरा-वीस वर्षांत झाले असतील, तर हात लावायचा नाही. धूर बंद, श्वासाचे व्यायाम, दर काही महिन्यांनी तपासणी. पण हे सगळं एका वर्षात झालं असेल, तर हा आजार धावतोय. मग आत नळी घालून तुकडा काढायचा, आणि तुकडा सांगेल ती तगडी औषधं सुरू करायची."

"तुकडा काढणं अवघड असतं का?"

"एवढ्याशा श्वासावर चालणाऱ्या माणसाचं फुप्फुस तुकडा काढताना फुटू शकतं. आणि फुटलं तर..."

मॅडम वाक्य कधी अर्धवट सोडत नाहीत. ते सोडलं.

"मग धावतोय की नाही, कशावरून ठरवणार?"

"मागच्या वर्षीच्या ३.४ वरून. दुसरं आहे काय आपल्याकडे? दम कधीपासून लागतो विचारलं, तर गुरुजी म्हणतात, वय झालं."

गुरुवारी दुपारी चारला तुकडा काढायचं ठरलं.

गुरुवारी दुपारी मी वॉर्डात पोचलो तेव्हा गुरुजी हॉस्पिटलच्या हिरव्या झग्यात पलंगावर बसले होते. झग्याच्या गळ्यातून जानवं बाहेर डोकावत होतं. नर्सबाईंनी त्यांना भुलीच्या औषधासाठी वजनकाट्यावर उभं केलं, उंची मोजली आणि वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडून सांगितली, "पाच फूट दोन!"

मी पाच फूट नऊ आहे, आणि नववी खाच माझ्या तोंडाशी येते. हे मला माहीत आहे, कारण मशीन बरोबर आहे का ते बघायला रोज सकाळी मीच नवव्या खाचेत फुंकतो. संत्रं झाडावर राहून गेलं तर आखडतं, पण सात इंच माणूस?

मी जिन्यात जाऊन विपुलला फोन लावला. मागच्या वर्षीची मोजणी त्यानं केली होती. आता तो पुण्यात कुत्र्यांच्या पाळणाघरात मॅनेजर आहे. मागून भुंकण्याचा आवाज येत होता.

"विपुल, अंबापेठेतले पाचपोर गुरुजी आठवतात?"

"आठवतात ना. उंच. काळी दाढी."

"दाढी? वय किती असेल?"

"एकसष्ट."

"दिसायला किती?"

"दिसायला तीस. मी म्हटलं, प्राणायाम असेल."

"तू काही विचारलं नाहीस?"

"विचारलं की. म्हटलं, गुरुजी, तुम्ही एकसष्टचे वाटत नाही. ते म्हणाले, ईश्वरकृपा."

मी फोन ठेवला आणि मॅडमकडे धावलो. मॅडम हात धुऊन कॉरिडॉरमध्ये उभ्या होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत राहिल्या, चेहरा न हलवता.

"विपुलची साक्ष," त्या म्हणाल्या. "ज्यानं मूर्तिजापूरच्या एका गुरुजींचं वजन सातशे किलो लिहिलं होतं."

"एक शून्य जास्त पडलं होतं त्याचं, मॅडम."

"तेच म्हणतेय. मला त्या माणसाच्या तोंडून ऐकायचंय. मी फुंकलं नव्हतं असं ते म्हणाले, तर मी आत्ता थांबवते. मीच फुंकलं म्हणाले, तर आजार धावतोय, आणि तुझ्या नवव्या खाचेसाठी मी थांबले तर मी त्यांना मारते. चल."

गुरुजी डोळे मिटून बसले होते. मॅडम पलंगाच्या कडेला बसल्या.

"गुरुजी, मागच्या माघात या मशीनमध्ये तुम्हीच फुंकलं होतं ना?"

"माझ्याच नावानं फुंकलं गेलं."

"म्हणजे तुम्हीच?"

"वामन विष्णू पाचपोर, काश्यप गोत्र. त्याच नावानं."

"हो की नाही, तेवढं सांगा. यावर तुमचा जीव अवलंबून आहे."

गुरुजींनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, मग छताच्या पंख्याकडे.

"हो," ते म्हणाले. "मीच." आणि मॅडमनी पुढे केलेल्या संमतीपत्रावर सही केली. माझी सही मागितली असती तर मी दिली नसती, पण ती कोणी मागितली नव्हती.

मी काकूंना बाहेर बाकावर गाठलं.

"काकू, मागच्या वर्षी कोणी फुंकलं?"

"मले काहून इचारता?"

"चार वाजता त्यांच्या छातीत नळी जाणार आहे."

काकूंनी पदर दोन्ही हातांनी पिळला. "मले शपथ आहे."

"म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे."

"तेबी मी सांगतलं नाही." मग त्या भिंतीशी बोलल्यासारख्या बोलायला लागल्या. "अमरावतीत त्यायचं नाव कायच्यावर आहे, ठाऊक आहे का तुमाले? मुहूर्त दाट असला का बाकीचे गुरुजी बदली पाठवते. पुतण्या पाठवते, भाचा पाठवते. त्यात खोटं काही नाही बाप्पा, संकल्प ज्याच्या नावानं, फळ त्याले. पण पाचपोर गुरुजी बदली पाठवत नाहीत. स्वतः येतात. लोक त्याच्यासाठी दोन-दोन महिने थांबते. माणसानं आयुष्यभर एकच गोष्ट कमावली, आन् ते तुमच्या नळीपायी घालवू?"

"पण जीव?"

"मी त्यायले तेच सांगून राहिली परवापासून." त्यांचा आवाज बसला. "ते म्हणते, जीव एकदाच जाईल, नाव रोज जाईल."

तेवढ्यात जिन्यावरून डबा घेऊन एक माणूस वर आला. वॉर्डाच्या दारात त्यानं सवयीनं मान खाली घातली, कारण घरच्या दाराची बुटकी चौकट त्याला लागत असावी. काळी दाढी, खांद्यावर उपरणं.

"हा देवानंद," काकू घाईनं म्हणाल्या. "पुतण्या त्यायचा."

मी बाकावरून उठून त्याच्याशेजारी उभा राहिलो. आमचे दोघांचे खांदे एका रेषेत होते.

"मागच्या माघात मशीन आलं होतं, त्या दिवशी तू कुठे होतास?"

देवानंद खोकला. "मले शपथ आहे."

"तुलाही?"

"काकानं घरातल्या साऱ्यायकून एकदाच घेतली. घाऊक."

घड्याळात साडेतीन व्हायला आले होते. आतून स्ट्रेचर सरकवल्याचा आवाज आला. मी डोक्याला ताण दिला. इतका ताण मी बी.एस्सी.लाही दिला नव्हता.

"देवानंद, शपथ नेमकी कशाची?"

"काही सांगाचं नाही, याची."

"मग सांगू नको. फक्त फुंक. फुंकायची शपथ घेतलीस का?"

त्यानं दाढी खाजवली. पुरोहित माणूस, नियम वाचून घेणारा. "नाही," तो सावकाश म्हणाला. "फुंकाचं काही ठरलं नव्हतं."

मी गाडीतून स्टँड आणि मशीन आणलं. गुरुजींच्या पलंगासमोरच मांडलं, आणि मॅडमना बोलावलं. त्या हातमोजे चढवूनच आल्या. नळी नवव्या खाचेत अडकवली. वॉर्डातले बाकीचे पेशंट उठून बसले; एका आजोबांनी रेडिओ बंद केला.

देवानंद पुढे झाला. नळी त्याच्या ओठांशी आली. मान वर नाही, खाली नाही, पाट नाही. जणू त्याच्याच मापाची करून घेतली होती. काकूंनी तोंडाला पदर लावला. गुरुजी पंख्याकडे पाहत होते, पण पंखा बंद होता.

"जोरात, मॅडम म्हणतील तोवर," मी म्हणालो. आता ३.४ येणार, मॅडम हातमोजे काढून टाकणार, गुरुजी घरी जाणार. माझं एवढं साधं गणित होतं.

देवानंदनं फुंकलं. शेवटी खोकला आला.

२.८.

"पुन्हा."

२.८.

"पुन्हा. सगळा जोर लाव."

तिसऱ्यांदा त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. २.७.

मी पंप काढला, मशीनमध्ये तीन लिटर हवा ढकलली. मशीन म्हणालं, तीन. याच्याइतकं प्रामाणिक यंत्र मला इतकं नकोसं कधी झालं नव्हतं.

"हा तो माणूस नाही," मॅडम म्हणाल्या. "मागच्या वर्षीचा माणूस ३.४ चा होता."

"पण मॅडम, खाच!"

"खाच तुझ्याही तोंडाशी येते, शुभंकर. मागच्या वर्षी तू फुंकलंस का?"

मी मागच्या वर्षी बेरोजगार होतो, पण ते काही उत्तर नव्हे.

वॉर्डबॉय दारात आला. त्याच्या मागे स्ट्रेचर. मॅडम मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या देवानंदकडे पाहत होत्या.

"खोकला कधीपासून आहे तुम्हाला?"

"थंडीचा आहे जी."

"कोणत्या थंडीचा? या की मागच्या?"

देवानंदनं उपरण्यानं तोंड पुसलं. मॅडम वळून गुरुजींच्या पलंगाशी गेल्या. आता त्यांचा आवाज इतका हळू होता की मला दोन पावलं पुढे जावं लागलं.

"गुरुजी, आता दोनच गोष्टी शक्य आहेत. एक, हा मुलगा तो माणूस नाही. मग तुमचा आजार धावतोय आणि मी तुम्हाला आत नेते. दुसरी, हा तोच माणूस आहे. मग तुमच्या छातीत एका वर्षात काहीच झालेलं नसेल. पण या तिशीतल्या पोराचं अर्ध्या लिटरहून जास्त एका वर्षात गेलंय, आणि ते कोणालाच माहीत नाही. मशीन मला यातलं कोणतं खरं ते सांगू शकत नाही. ते फक्त आकडा सांगतं. आकडा कोणाचा, ते तुम्ही सांगायचंय."

गुरुजींनी झग्याच्या गळ्यातून बाहेर आलेलं जानवं आत सारलं.

"चला," वॉर्डबॉयनं हाक दिली. त्याला वॉर्डातलं काहीच माहीत नव्हतं. "वामनराव पाचपोर कोण?"

"मी," देवानंद म्हणाला.

हे त्यानं ठरवून केलं नसावं. हाक आली आणि हात वर गेला, शाळेत जातो तसा. वॉर्डबॉयनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, झगा का घातला नाही म्हणून कुरकुरला, आणि स्ट्रेचर त्याच्यापुढे सरकवलं. देवानंदनं एकदा काकांकडे पाहिलं. मग उपरणं काढून घडी केली, काकूंच्या हातात दिली आणि तो खरंच स्ट्रेचरवर चढून बसला.

"देवानंद, काय करून राहिला तू?" काकू किंचाळल्या.

"काकाचं फुप्फुस नाजूक आहे," तो शांतपणे म्हणाला. "माह्यातून काढा जी तुकडा. त्यायच्याच नावानं काढा."

मी पुष्कळ वेडेपणा पाहिला आहे, त्यातला बराच केलाही आहे. पण हा माणूस थट्टा करत नव्हता. तो आडवा झाला. त्याचे पाय स्ट्रेचरच्या बाहेर आले. वॉर्डबॉय दोन्ही हातांनी स्ट्रेचर ढकलायला लागला.

"ऊठ!"

गुरुजी पलंगावरून खाली उतरले होते. हिरवा झगा, अनवाणी पाय. दोन पावलं टाकली आणि त्यांनी स्ट्रेचरचा दांडा धरला, अडवायला आणि आधारालाही.

"ऊठ, मूर्खा. मी आहे वामनराव." श्वास घेतला. "डॉक्टरबाई, मागच्या माघात यानं फुंकलं." पुन्हा श्वास. "मी नव्हतो."

वॉर्डबॉयनं स्ट्रेचर सोडलं. मॅडमनी हातमोजे काढले, सावकाश, एकेक बोट सोडवत.

"बसा गुरुजी. आणि सगळं सांगा."

गुरुजी स्ट्रेचरवरच बसले, पुतण्याच्या पायांशी. "त्या दिवशी मुहूर्त दाट होता. मी राजापेठेत साखरपुड्याला. घरी तो पोरगा मशीन घेऊन आला. दारात आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं? यानं माझ्या नावानं संकल्प केला आणि फुंकलं. आम्हाला त्यात वावगं काही वाटलं नाही हो. आम्ही असंच करतो."

"तुम्हाला दम कधीपासून लागतो?"

"आठ वर्षं. दहा असतील. जिना चढलो की अर्धा तास बसावं लागतं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. दहा वर्षं. धावत नव्हता. चालत होता, तोही बसत बसत.

नंतर माझ्या लक्षात आलं, आम्ही मोजणीची तारीख ठरवताना सरकारी सुट्ट्या पाहिल्या होत्या, परीक्षा पाहिल्या होत्या, क्रिकेटचा सामना आहे का तेही पाहिलं होतं. साठ पुरोहितांना फुंकायला लावणार होतो, आणि पंचांग कोणी उघडलं नव्हतं. बाकीच्यांपैकी कोणाच्या नावावर नक्की कोणाचा श्वास आहे, हे मला विचारू नका. मॅडमनी विचारलं, तेव्हा मी पाणी प्यायला गेलो.

"आणि होम?" मॅडमनी विचारलं. "वर्षभर होम कोण करतं?"

गुरुजींनी झगा गुडघ्यांवर ओढून घेतला.

"अमरावतीत मी बसतो. धूर सुरू झाला की याला पुढे करतो, मी मागे सरकतो. बाहेरगावी यालाच पाठवतो. वरूड, मोर्शी, अकोट, तिकडे मला कोणी पाहिलेलं नाही. फोनवर नाव ठरतं, हा जातो." ते देवानंदच्या पायाकडे पाहत होते. "तिकडचे वामनराव गुरुजी उंच आहेत. दाढी आहे त्यांना."

"म्हणजे तुमचे सगळे होम, आणि त्याचे स्वतःचेही?"

"सगळे." आणि मग, स्वतःशीच, "मला वाटलं, तरुण आहे. याला काय होतंय."

"मले काही झालं नाही, काका," देवानंद आडवा पडूनच म्हणाला आणि खोकला. खोकला थांबेना तेव्हा उठून बसला.

तुकडा काढायचं रद्द झालं. मॅडमनी त्याच स्ट्रेचरवरून देवानंदला स्कॅनला पाठवलं. चालत जातो म्हणाला, पण वॉर्डबॉय म्हणाला, आणलंय तर बसा. जाताना देवानंदला एकदम आठवलं. "काका! उद्या सकाळी अकोटले वास्तुशांत. किसनरावायची. तुम्ही स्वतः येता म्हणून सांगून ठेवलं आहे."

"मी बघतो," गुरुजी म्हणाले.

मला वाटलं, आता कोणत्या तरी भाच्याला फोन जाणार. गुरुजींनी काकूंकडून मोबाइल घेतला. त्यांना ऐकू नीट यावं म्हणून काकूंनी स्पीकर लावून दिला, आणि वॉर्डाची सोय झाली.

"किसनराव, मी वामनराव पाचपोर बोलतोय."

"बोला गुरुजी! सारी तयारी झाली जी. समिधा आणून ठेवल्या, तूप आणलं." मग जरा थांबून, "आवाज कसा काय येऊन राहिला तुमचा? सर्दी आहे का?"

"नाही. माझा आवाज असाच आहे. तुम्ही ऐकला नव्हता."

"समजलं नाही जी."

"मागच्या वर्षी तुमच्या भावाकडे जो आला, तो मी नव्हतो. माझा पुतण्या होता." गुरुजी थांबले. श्वास परत यायची वाट पाहिली. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "उद्या तोही येणार नाही. मीही नाही. तुम्ही अकोटातच दुसरे गुरुजी बघा."

किसनराव म्हणाले, "आमी तर गावभर सांगतलं, पाचपोर गुरुजी स्वतः येऊन राहिले म्हणून."

"मी अकोटला कधीच आलेलो नाही, किसनराव."

फोन कोणी ठेवला ते कळलं नाही. गुरुजींनी मोबाइल काकूंना परत दिला. रेडिओवाले आजोबा दुसरीकडे पाहायला लागले. उद्या दुपारपर्यंत हे अकोटभर होणार, परवा अंबापेठेत. गुरुजींना ते माझ्याआधी कळलेलं होतं.

मला काही सुचेना, म्हणून मला जे येतं ते मी केलं. स्टँडची कळ सैल केली, नळी खाली आणली. आठवी, सातवी, सहावी. सहाव्या खाचेशी गुरुजींचं तोंड आलं.

"गुरुजी, पाट नको. जमिनीवर उभे राहा. तुमचं पहिलं माप आज घेऊ. पुढच्या माघात दुसरं."

गुरुजी उभे राहिले. ताठ, टाचा जमिनीला. छातीत होता तेवढा श्वास भरून घेतला आणि फुंकलं. पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा फुंकताना त्यांची नजर मशीनवर नव्हती, कॉरिडॉरच्या टोकाला स्कॅनच्या खोलीच्या बंद दारावर होती.

आकडा किती आला, ते त्यांनी विचारलं नाही. नळी तोंडातून काढली, दांड्याला धरून थोडे थांबले.

"त्याचं झालं का, बघून ये," ते म्हणाले.